व्हिएरा दा सिल्वा यांच्या शिळाछापातले शहर नेमके कुठे आहे?

प्रश्न
लिस्बनच्या आर्पाद सेनेश–व्हिएरा दा सिल्वा संग्रहालयात मारिया हेलेना व्हिएरा दा सिल्वा यांचे एक अमूर्त शिळाछाप (लिथोग्राफ, म्हणजे दगडावर रेखाटून कागदावर छापलेले चित्र) पाहिले. काळ्या-करड्या रेघांचे दाट जाळे, मधूनच निळसर चौकोन आणि एका बाजूला कोरा सोडलेला कागद, एवढाच त्यातला ऐवज. घर, रस्ता, खिडकी असे काहीही ओळखू येत नसताना आपण उंचावरून एखादे मोठे शहर पाहत आहोत, असे का वाटत राहते? आणि तैलचित्रांसाठी नावाजलेल्या या चित्रकर्तीने दगडाकडे वळण्यात काय साधले?

उत्तर १
त्यांचा जन्म १९०८ चा, लिस्बनचा. १९२८ मध्ये त्या पॅरिसला आल्या, युद्धकाळ रिओ द जानेरोत काढला आणि १९४७ मध्ये पॅरिसला परतल्या. लिस्बनच्या भिंतींवरच्या झिलईदार फरश्या त्यांच्या चित्रांत अगदी आधीपासून दिसतात. लंडनच्या टेट संग्रहालयातील १९३५ च्या चित्रात तर लहान-लहान चौकटींनी अख्खी खोली वाकवली आहे. शहराचा भास होतो तो मात्र रेघांच्या दिशांमुळे. रूढ यथादर्शनात (सपाट कागदावर खोली दाखवण्याच्या पद्धतीत) मागे जाणाऱ्या रेषा एका बिंदूकडे धावतात आणि पाहणाऱ्याची जागा ठरून जाते. येथे असे बिंदू अनेक असल्यामुळे नजर एका गल्लीत शिरते न शिरते तोच दुसरीकडे ओढली जाते आणि उभे राहायला कुठेच जागा सापडत नाही.

उत्तर २
वरील विवेचन पटते, परंतु फरश्यांचे श्रेय थोडे जास्तच दिले जाते, असे माझे मत आहे. दगडाचे म्हणाल, तर चुनखडीच्या घासलेल्या शिळेवर तेलकट खडूने रेखाटायचे, शिळा पाण्याने ओलवायची, म्हणजे तेलकट शाई फक्त रेघांनाच धरते. शिळेच्या बारीक रव्यामुळे खडूची रेघ कडेला किंचित फुटते आणि दूरच्या धुरकट इमारतींचा परिणाम आपसूक साधतो. तैलरंगात उजेडासाठी पांढरा रंग लावावा लागला असता, येथे ते काम कोरा कागदच करतो. १८९४ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या रविवर्मा छापखान्यातही तंत्र हेच होते, पण तेथील सारी धडपड दगड लपवून तैलचित्राचा आभास निर्माण करण्याची होती.

मूळ प्रश्नकर्ता
दोघांचेही आभार. अशी प्रत विकत घ्यायची झाल्यास खरे शिळाछाप कसे ओळखावे?

उत्तर ३
पेन्सिलीतली सही आणि ३७/१०० (शंभर प्रतींपैकी सदतिसावी) यासारखा क्रमांक एवढ्यावर विसंबू नये, कारण दोन्ही नंतरही लिहिता येतात. भिंगातून पाहावे: ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नियमित नक्षी दिसते, तर शिळेवरच्या खडूचा रवा वेडावाकडा असतो. प्रत्येक रंगासाठी सहसा वेगळी शिळा लागत असल्यामुळे रंगांच्या कडा क्वचित केसभर सरकलेल्याही आढळतात. चित्राभोवती धातूच्या पत्र्याचा दाबलेला चौकोनी ठसा मात्र शोधू नये. तो अम्लरेखनात (धातूचा पत्रा अम्लाने कोरून छापण्याच्या तंत्रात) उमटतो, शिळाछापात नव्हे.