लिंबाच्या वासाचं ऑटो: सोपं की नुसतं झटपट?

कुंडीवाला

मी जिथे राहतो तिथे प्रौढ माणसाला घरी स्वतःपुरती गांजाची तीन झाडं लावायची कायद्याने मुभा आहे. यंदा पहिल्यांदाच दोन लावली. दोन्ही एकाच पाकिटातली, लिंबाच्या वासाचा म्हणून विकला जाणारा ऑटोफ्लॉवर, म्हणजे ठरावीक वय झालं की आपोआप फुलणारा वाण (थोडक्यात 'ऑटो'). बी रुजल्यापासून 78व्या दिवशी कापणी झाली.

या अनुभवावरून माझं मत पक्कं झालंय की घरी पहिल्यांदा गांजाचं झाड लावणाऱ्याने ऑटोच लावावं. नेहमीच्या वाणाला फुलोरा यायला रोज बारा तासांच्या आसपास सलग अंधार लागतो. रात्री चुकून खोलीतला दिवा लागला तरी झाड गोंधळतं. ऑटोला ती भानगडच नाही. ते दिवस-रात्र मोजत नाही, स्वतःचं वय मोजतं. चौथ्या आठवड्यात आपसूक कळ्या दिसायला लागतात. झाड गुडघ्याच्या थोडं वर जातं, कोपऱ्यात मावतं. बी फेमिनाइज्ड (मादी झाडंच देणारं) असल्यामुळे नर झाड ओळखून उपटायचीही कटकट नाही.

आणि वास! पाचव्या आठवड्यात कळीला बोट लावून हुंगलं तर नुकतंच सोललेलं लिंबाचं साल. दुसऱ्या झाडाचा जरा वेगळा आला, ते सोडा. ज्यांनी दोन्ही प्रकार लावलेत त्यांनी सांगा, नवख्याला नेहमीचा वाण घ्यायला का सांगतात?

सावकाश

मी सांगतो. कारण नवखा माणूस चुका करतो, आणि ऑटो चुका पोटात घालत नाही.

माझं पहिलं झाडही ऑटोच होतं. पहिल्या पंधरवड्यात कौतुकाने रोज पाणी घातलं. मुळांना हवा मिळेना, रोप दहा दिवस जागचं हललं नाही. मला वाटलं, सावरेल. सावरलंही, पण तोवर 26वा दिवस उजाडला होता आणि वीतभर उंचीवरच त्याने कळ्या धरल्या. त्याचं वय झालं होतं, बाकी काही त्याला ठाऊक नव्हतं. हातात आलं ते काडेपेटीत मावलं असतं.

पुढच्या वेळी नेहमीचं झाड लावलं आणि अगदी तीच चूक पुन्हा केली (सवय लगेच सुटत नाही). या वेळी मी त्याला तीन आठवडे जास्त दिले. फुलोऱ्याचा अंधार सुरू करणं माझ्या हातात होतं. झाडाने दम घेतला, अंग धरलं, मगच मी दिव्याची वेळ बदलली. म्हणून माझ्या लेखी ऑटो झटपट आहे, सोपं नाही. तुमची दोन झाडं सुरुवातीला अडखळली नाहीत, म्हणून तुम्हाला ती सोपी वाटली.

अजून एक. आवडलेल्या नेहमीच्या झाडाची फांदी लावून तेच झाड पुन्हा मिळवता येतं. ऑटोच्या फांदीचं वय आईइतकंच असतं, ती लावून हाती काही लागत नाही. दर वेळी नवं बी, म्हणजे दर वेळी नवी सोडत.

रानबीज

दोघांचंही अर्धं बरोबर आहे. हा गुण आला कुठून ते पाहिलं तर हा वाद वेगळा दिसेल.

दिवस लहान झाला की भांगेला (म्हणजे गांजाच्याच झाडाला) लवकर फुलं येतात, हे ज्युलियन तूर्न्वा या फ्रेंच संशोधकाने 1912च्या सुमारास हॉप आणि भांगेच्या झाडांवर पाहिलं होतं. 1920 मध्ये गार्नर आणि अलार्ड या अमेरिकन संशोधकांनी तंबाखू आणि सोयाबीनवरच्या प्रयोगांतून दिवसमानाचा नियम मांडला. 1924 मध्ये यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने रस्त्याकडेला, पडीक जमिनीत आपोआप वाढणाऱ्या बुटक्या भांगेला 'रुडेरालिस' असं वेगळं नाव दिलं. ती स्वतंत्र जाती मानायची की सटिव्हाचाच (नेहमीच्या भांगेचाच) एक प्रकार, यावर अजून एकमत नाही. पण वयावर फुलण्याचा गुण आजच्या ऑटोमध्ये तिच्याकडूनच आला.

आता विचार करा, असा गुण तिथे का टिकला असेल? उत्तरेकडे उन्हाळ्यात दिवस सोळा-सतरा तासांचा असतो. दिवस लहान व्हायची वाट पाहत बसलं तर बी धरण्याआधीच थंडी झाड मारून टाकते. जे झाड थांबलं नाही त्याचं बी उरलं. ऑटो हे त्या आखूड उन्हाळ्याला वनस्पतीने दिलेलं उत्तर आहे. उघड्यावर, उत्तरेकडे लावायचं असेल तर कुंडीवाल्यांचं म्हणणं मला पटतं. विषुववृत्ताकडे सरकलात तर दिवस बाराही महिने बारा तासांच्या आसपासच, तिथे नेहमीचा वाणही लवकर फुलतो. मग ऑटोचा हा मोठा फायदा तिथे उरत नाही. आणि खोलीत दिव्याखाली लावणार असाल तर सावकाश म्हणतात तेच खरं. दिव्याचं बटण आपल्याच हातात असताना ते बियाण्याच्या हाती का द्यायचं?

कुंडीवाला

सावकाश, काडेपेटीचं वाचून वाईट वाटलं. पण ती चूक पाण्याची होती, वाणाची नव्हती. नवख्याला "पाणी कमी घाल" एवढं एकच वाक्य नीट सांगितलं तर ऑटो निभावतं. अंधाराचं वेळापत्रक तीन महिने सांभाळणं त्याहून अवघड आहे. आमच्या घरात खोलीचं दार दिवसातून वीसदा उघडतं.

अत्तरदाणी

कुंडीवाला, तुम्ही लिहिलंत, "दुसऱ्या झाडाचा जरा वेगळा आला, ते सोडा". मला तेच सोडवत नाहीये. एकाच पाकिटातल्या दोन बियांमधून दोन वास निघाले. मग पाकिटावरच्या 'लिंबू'ला अर्थ काय राहिला?

आधी लिंबाचा वास म्हणजे काय ते पाहू. सगळे म्हणतात लिमोनीन. संत्र्या-लिंबाच्या सालीच्या तेलात मुख्यतः तेच असतं, आणि गांजाच्या कळीवरच्या राळेच्या सूक्ष्म ग्रंथींतही ते तयार होतं. पण तेवढ्याने भागत नाही. टर्पिनोलीन जास्त असलेल्या वाणांनाही लिंबाकडे झुकणारा वास येतो, त्यात थोडी पाइनची झाक असते. उलट प्रयोगशाळेच्या कागदावर भरपूर लिमोनीन दिसणारं झाड नाकाला इंधनासारखं लागू शकतं. गांजाच्या उग्र, स्कंक या दुर्गंधी सोडणाऱ्या प्राण्यासारख्या दर्पामागे गंधकाची संयुगं आहेत हे 2021 मध्ये रसायनशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. टर्पीनच्या (लिमोनीन, टर्पिनोलीन यांसारख्या वासाच्या संयुगांच्या) तुलनेत ती अगदी कणभर असतात, पण नाक त्यांनाच आधी पकडतं. 2023 मध्ये त्याच गटाने दाखवलं की काही वाणांचा फळासारखा, आंबटगोड वासही गंधकाच्याच दुसऱ्या प्रकारच्या संयुगांवर उभा असतो. म्हणजे लिंबू हा एका रेणूचा वास नाही, तो मेळ आहे. एका स्वराने राग होत नाही तसं.

आता बियाण्याकडे या. स्वयंफुलोऱ्याचा गुण अप्रभावी आहे, आई-बाप दोघांकडून आला तरच दिसतो. सुवासिक पण नेहमीच्या वाणाचा ऑटोशी संकर केला की पहिल्या पिढीत एकही खरं ऑटो मिळत नाही. दुसऱ्या पिढीत साधारण चारातलं एक. त्या एकातून पुन्हा वासाचं झाड निवडायचं, पुन्हा वाढवायचं, असं काही पिढ्या करावं लागतं. ज्यांनी ते धीराने केलं त्यांच्या बियांना भावंडांसारखा वास येतो. ज्यांनी घाई केली त्यांचं पाकीट म्हणजे चुलतभावंडांचा मेळावा. तुमच्या हाती ते दुसरं पाकीट आलेलं दिसतंय.

आणि एक विचारायचं राहिलं: कापल्यावर वाळवलंत कसं?

नवखं_पान

मी अजून काही लावलेलं नाही, नुसतं वाचतोय. पण असं ऐकलंय की लिंबाच्या वासाचे वाण मनाला हलके असतात, त्यांनी घाबरल्यासारखं होत नाही. मग नवख्याला तेच बरे ना?

अत्तरदाणी

वासावरून असं ठरवू नका, कळकळीने सांगते. 2024 मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांचा एक अभ्यास आला. वीस माणसांना टीएचसी, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकासोबत, शुद्ध लिमोनीन मोजून, वाफेतून दिलं. लिमोनीनची मात्रा वाढली तशी घाबरं होण्याची भावना कमी झाली. यापलीकडे त्यातून काही निघत नाही. माणसं वीस, लिमोनीन बाहेरून घातलेलं. कळीत किती आहे हे घरी कुणाला कळणार? घाबरवतं ते टीएचसी, आणि त्याचं प्रमाण वासात दिसत नाही. लिंबासारखं हुंगायला छान म्हणून दोन झुरके जास्त घेणारेच फसतात.

पाऊलवाट

मी विरोधात लिहिणार आहे, राग मानू नका. मला ऑटो की नेहमीचं हा वादच दुय्यम वाटतो.

माझा धाकटा भाऊ सतराव्या वर्षापासून ओढत होता. विसाव्या वर्षी त्याला आवाज ऐकू यायला लागले. आमच्या घराण्यात तो आजार आधीपासून आहे, त्यामुळे नुसत्या गांजाने झालं असं मी म्हणत नाही आणि डॉक्टरांनीही म्हटलं नाही. पण लहान वयात सुरुवात, रोजचं सेवन आणि भारी टीएचसी यांनी धोका वाढतो, हे त्यांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. तेव्हा मला जे कळलं ते सांगते: वस्तू हाताशी असणं हीच मोठी गोष्ट आहे. विकत आणायला माणसाला उठावं लागतं. घरात कुंडी असली की उठावंही लागत नाही.

तुम्ही लिहिलंत की झाड गुडघ्याएवढं, कोपऱ्यात मावतं, लिंबासारखा वास येतो, अडीच महिन्यांत तयार होतं. तुमच्यासाठी हे चारही गुण आहेत. मला त्या चारांतून घरातला सोळा वर्षांचा मुलगा दिसतो. दार दिवसातून वीसदा उघडतं म्हणालात. कोण कोण उघडतं ते?

रीतसर

कायद्याचं थोडं, कारण वरचं वाचून कुणाचा गैरसमज व्हायला नको. घरी लावायची मुभा मोजक्याच ठिकाणी आहे आणि प्रत्येक ठिकाणची वेगळी. उरुग्वेने 2013 मध्ये कायदा केला, घरटी सहा झाडं. कॅनडात 17 ऑक्टोबर 2018 पासून घरटी चार, पण क्युबेक प्रांताने घरची लागवड बंदच ठेवली आणि कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये ती बंदी ग्राह्य धरली. जर्मनीत 1 एप्रिल 2024 पासून प्रौढ माणसाला तीन झाडं, तीही मुलांच्या हाती लागणार नाहीत अशी ठेवण्याच्या अटीवर.

भारतात 1985च्या अंमली पदार्थ कायद्याने परवान्याशिवाय एक झाड लावणंही गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखभर रुपयांपर्यंत दंड. गांजाच्या व्याख्येतून शेंड्याशिवायची पानं आणि बी वगळलेलं आहे, त्यावरून काही जण "मग झाड चालतं" असा अर्थ काढतात. तो चुकीचा आहे. लागवडीची बंदी अख्ख्या झाडाला लागू आहे, मग ते ऑटो असो वा नसो. नवखं_पान, तुम्ही कुठे राहता ते मला माहीत नाही, म्हणून हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहिलं.

सावकाश

पाऊलवाट, तुमचं दोनदा वाचलं. लावण्याच्या बाजूचा असूनही सांगतो, कुलूप लागत नसेल अशा घरात लावू नये. इथे ऑटोचा एक दोष आणखी ठळक होतो. नेहमीच्या झाडाला एकदा जागा, वेळ आणि काळजी द्यावी लागते. ऑटो अडीच महिन्यांत संपतं म्हणून लोक लगेच दुसरं रुजत घालतात, मग तिसरं. घर वर्षभर रिकामं राहत नाही. माझ्या बाबतीत तसं झालं होतं. नेहमीच्या वाणाकडे वळल्यापासून वर्षातून एकदाच लावतो, आणि तेवढं मला पुरतं.

रानबीज

माझ्याकडून आणखी एकच. उघड्यावर साधं, फेमिनाइज्ड नसलेलं ऑटो बी लावणाऱ्यांनी नर झाडं वेळेत काढा. भांगेचे परागकण वाऱ्यावर मैलोगणती जातात. स्वयंफुलोऱ्याचा गुण अप्रभावी असल्यामुळे पहिल्या पिढीत तो दिसतच नाही. हिमालयाच्या उतारांवर रानभांग पिढ्यानपिढ्या तिथल्या ऋतूशी जुळवून घेत आली आहे. अशा झाडांत हा गुण एकदा शिरला की पुढच्या पिढ्यांत अवेळी फुलणारी रोपं निघायला लागतील. ती रानझाडं जपणं मला कुठल्याही लिंबाच्या वासापेक्षा मोलाचं वाटतं.

कुंडीवाला

पाऊलवाट, दार माझी मुलगी उघडते. अकरा वर्षांची आहे. आमच्याकडेही झाडं मुलांपासून लांब ठेवायचा नियम आहे, आणि मी "तिला काय कळतंय" म्हणून चालवून घेतलं होतं. काल संध्याकाळी बरण्या कुलूपबंद कपाटात गेल्या. पुढचं झाड त्या खोलीत लागणार नाही. कुलपाची जागा झाली तर लागेल, नाहीतर नाही.

अत्तरदाणी, वाळवण्याचं विचारलंत. चार दिवसांत वाळावं म्हणून फांद्या हीटरच्या वर दोरीला टांगल्या होत्या. आज दोन्ही बरण्या उघडून हुंगल्या. ज्या झाडाला सालीचा वास होता त्याला आता वाळल्या गवताचा येतोय. दुसऱ्याचा मातकट वास होता तसाच आहे. असं का?

अत्तरदाणी

लिमोनीनसारखे हलके रेणू आधी उडतात, ऊब मिळाली की आणखी लवकर. मातकट, मिरीसारखा वास देणारे रेणू जड, ते मागे राहतात. लिंबू तुमच्या झाडात होतं, ते हीटरवर गेलं. पुढे कधी लावलंत तर थंड, अंधाऱ्या जागी, पंख्याचा झोत अंगावर न घेता दहा-बारा दिवस सावकाश वाळू द्या. दमट हवेत मात्र रोज उघडून बघा, जाड कळीच्या पोटात करडी बुरशी धरते आणि बाहेरून दिसत नाही. बुरशी दिसली तर ती कळी फेकून द्या, झटकून ठेवू नका.