मदत हवी आहे : अटारी 800 एक्सएलला नवं डिव्हाइस जोडलं, रीसेट दाबलं की गायब

कुळागर :
जत्रा पुढच्या आठवड्यात आहे, म्हणून घाईत लिहितोय. काकांनी कुवेतहून आणलेल्या अटारी 800 एक्सएल या जुन्या घरगुती संगणकाला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर जोडलाय. 'टी:' नावाचा हँडलर (डिव्हाइस चालवणारा कोड) पेज सिक्स या मेमरीच्या मोकळ्या भागात लिहिला, हॅटॅब्समध्ये (डिव्हाइसांच्या यादीत) नोंद केली, छापायला लागला. पण रीसेटची कळ दाबली की एरर 130. जत्रेच्या नाटकाची पात्रयादी मुलांसमोर या मशीनवर छापायची आहे आणि तिथे कोण कुठली कळ दाबेल सांगता येत नाही. काय करू? लवकर सांगा.

मांडवीपार :
डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर काढा, कंपनीच्या साइटवरून नवा उतरवा, रीस्टार्ट करा. विंडोज 10 वर माझा प्रॉब्लेम असाच सुटला.

कुळागर :
विंडोज नाही हो यात. 64 केबीचं मशीन आहे.

सहापाचशेदोन :
130 म्हणजे त्या नावाचं डिव्हाइस यादीत नाही. रीसेटला ओएस (मशीनची कार्यप्रणाली) हॅटॅब्स (मेमरीत 794 पासून) नव्याने भरते : पी, सी, ई, एस, के. तुमची तीन बाइटची नोंद पुसली जाते, पेज सिक्समधला कोड मात्र शाबूत राहतो. म्हणजे नोंद पुन्हा करणारं रूटीन रीसेटच्या वाटेवर बसवायचं. कुठे, ते तुम्ही लिहिलेलंच नाही : डिस्कवरून बूट करता की कॅसेटवरून? डॉस (डिस्क चालवणारी प्रणाली) आहे का? प्रिंटर कुठल्या पोर्टला?

विद्युतकाका :
अरे, एवढी यातायात कशाला? फुजीनेट घे, अटारीला लावायचं नव्या जमान्यातलं उपकरण. एसआयओ पोर्टला (ड्राइव्ह, प्रिंटर लावायच्या अटारीच्या पोर्टला) लावायचं, वायफाय मिळतं, प्रिंटरसुद्धा तेच होतं आणि पीडीएफ देतं. मी घेतल्यापासून जुनी ड्राइव्ह उघडलेली नाही.

सहापाचशेदोन :
काका, त्याला कागदावर छापायचंय, मुलांसमोर. पीडीएफ काय करणार?

विद्युतकाका :
पीडीएफ कुठेही छापता येते. आठवड्यात कोड लिहून, तपासून होईल असं मला वाटत नाही.

खाजन :
कोड छोटा आहे, होईल. पण मुळात 'टी:' कशाला? ओएस यादी शेवटाकडून शोधते. शेवटी नवा 'पी:' टाका, तोच आधी सापडेल आणि एलप्रिंट ही बेसिकची छापायची आज्ञा थेट चालेल. ओळ संपल्याचा अटारीचा संकेतांक 155 येतो, त्याचा प्रिंटरला कळणारा 13 करायला विसरू नका. सात बिटांची केबल असेल तर 155 चा वरचा बिट कापला जाऊन 27 उरतो, म्हणजे एस्केप. मग प्रिंटर पुढचं अक्षर आज्ञा समजतो.

सहापाचशेदोन :
155 चं बरोबर. 'पी:' झाकू नका मात्र, उद्या एसआयओवर खरा प्रिंटर आला तर तो सापडणार नाही.

खाजन :
घरात आहे तो प्रिंटर आज चालवायचाय त्यांना. उद्याचं उद्या.

शाळामास्तर :
तुमचं वाचून बीबीसी मायक्रो हा संगणक आठवला. 1984 मध्ये शाळांत संगणक शिकवायचा सरकारचा क्लास प्रकल्प सुरू झाला तेव्हा ते शाळांमधून आले. त्यात जादा रॉम (कायमचा कोड असलेली चिप) खोचला की रीसेटच्या वेळी ओएसच प्रत्येक रॉमला हाक मारायची, नोंद पुसली जाण्याचा प्रश्नच नाही. फार सुंदर रचना होती. आणि हो, पावसाळ्यात मशीन कपाटात सिलिका जेलसोबत ठेवा, आपल्याकडच्या दमटपणात कनेक्टर हिरवे पडतात.

कुळागर :
डॉस नाही, ड्राइव्ह नाही. कॅसेटवरून सीलोड (टेपवरचा बेसिक प्रोग्राम भरायची आज्ञा). प्रिंटर दोन्ही जॉयस्टिक पोर्ट मिळून : सात बिट डेटा, आठवा स्ट्रोब (अक्षर तयार असल्याची खूण), बिझी (प्रिंटर गुंतल्याची खूण) ट्रिगरवर. 155 चं आधीच केलंय. छापतोय तो, प्रश्न रीसेटचा आहे!

सहापाचशेदोन :
सगळं उत्तर याच माहितीवर अडलं होतं. डॉस असतं तर डॉसइनी (डॉस सुरू करणाऱ्या रूटीनचा पत्ता, 12 व 13 मध्ये) वळवून आधी जुनं रूटीन, मग आपलं, असं केलं असतं. सीलोड म्हणजे बूट नव्हे, त्यामुळे पत्ता 9 वरचा बूट फ्लॅग शून्य आहे आणि ओएस तिकडे फिरकतच नाही. तुम्ही कॅसइनी (कॅसेट-बूटसाठीचा तसाच पत्ता, 2 व 3 मध्ये) वापरा. रूटीन 1536 वर असेल तर (पोक म्हणजे मेमरीत आकडा लिहिणं) पोक 2,0 : पोक 3,6 : पोक 9,2. रूटीनने नोंद करायची आणि आरटीएस या आज्ञेने परतायचं.
दुसरी गोष्ट यापेक्षा महत्त्वाची. रीसेटला पीआयए (जॉयस्टिक पोर्ट सांभाळणारी चिप) हासुद्धा साफ होतो, जॉयस्टिक पोर्ट पुन्हा इनपुट होतो. नुसती नोंद परत आली तर एरर जाईल, पण कागदावर काही उमटणार नाही. म्हणून त्याच रूटीनमध्ये 54018 मध्ये 56, 54016 मध्ये 255, परत 54018 मध्ये 60 लिहा.

कुळागर :
चाललं! सलग रीसेट दाबून बघितलं, छापतोच आहे. देव बरें करूं. नाव 'टी:' च ठेवतोय. आता एकच, देवनागरी बिटमॅप छापला तर शिरोरेषा उमटत नाही.

खाजन :
ग्राफिक्समध्ये सर्वांत वरची पिन म्हणजे आठवा बिट, तो तुम्ही स्ट्रोबला दिलाय. एप्सनच्या आज्ञा मानणारा नऊ पिनांचा प्रिंटर असेल तर अक्षर सात-सात ठिपक्यांच्या पट्ट्यांत कापा आणि 27, 65, 7 पाठवून ओळींमधलं अंतर 7/72 इंच करा, पट्ट्या जुळतील. एका वेळी 127 पेक्षा जास्त स्तंभ पाठवू नका, तो आकडाही सातच बिटांतून जातो.

विद्युतकाका :
फुजीनेटमध्ये आठही बिट मिळतात.

कुळागर :
पट्ट्या जुळल्या, पात्रांची नावं शिरोरेषेसकट आली. रिबन मात्र फिकी आहे. नऊ पिनांच्या प्रिंटरची रिबन फोंडा-म्हापसा भागात कुणाकडे आहे का? येऊन घेऊन जाईन.

शाळामास्तर :
माझ्याकडे दोन आहेत, पाकीटबंद. प्रिंटरचं मॉडेल सांगाल तर लागेल की नाही ते बघतो.