ग्रामीण रुग्णालयात रक्तसाठवण केंद्र: फ्रीज आला, पुढचं कसं करायचं?

डोंगरपायथा:
३० खाटांच्या ग्रामीण रुग्णालयासाठी विचारतोय. इथे सिझेरियन होतात. जिल्हा रुग्णालयाची रक्तपेढी घाटरस्त्याने ७० किमीवर आहे. रक्तसाठवण केंद्रासाठी ५० पिशव्यांचा ब्लड बँक फ्रीज येऊन पडलाय, जोडलेला नाही. पूर्णवेळ लॅब टेक्निशियन एकच. रक्तगट आजवर काचपट्टीवर बघतात, क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी जुळतं का याची तपासणी) कधी केलेलं नाही. उन्हाळ्यात वीज सलग तीन-चार तास जाते, आणि जनरेटर फक्त ऑपरेशन थिएटरला जोडलेला आहे. मंजुरीला काय लागतं, सुरुवातीला किती पिशव्या ठेवाव्यात, क्रॉसमॅच कोणत्या पद्धतीने करावं आणि रक्त आणायचं कसं, हे नीट कळलं तर महिन्याभरात सुरू करता येईल. जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

पिशवी३५०:
आधी मंजुरीचं. साठवण केंद्राला रक्तपेढीचा परवाना लागत नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या शेड्यूल 'के'मध्ये त्याला सूट आहे, पण अटींसह. अर्ज अन्न व औषध प्रशासनाकडे करायचा. वर्षाचा वापर २००० पिशव्यांच्या आत हवा आणि तो त्याच रुग्णालयापुरता हवा. रक्त कुठून घेणार ते अर्जात लिहावं लागतं: सरकारी रक्तपेढी, रेड क्रॉसची रक्तपेढी किंवा प्रादेशिक रक्तसंक्रमण केंद्र. म्हणून जिल्हा रुग्णालयाच्या रक्तपेढीचं संमतीपत्र आधी मिळवा, बाकीची कागदपत्रं मग. खोली किमान १० चौरस मीटरची, उजेडाची, शक्यतो वातानुकूलित. रक्तपेढीचं प्रशिक्षण घेतलेला वैद्यकीय अधिकारी आणि टेक्निशियन अशा दोघांची नावं द्यावी लागतात. मंजुरी दोन वर्षांची असते आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याच्या तीन महिने आधी जायला हवा. ही तारीख फ्रीजच्या दारावरच लिहून ठेवा, कारण अधीक्षक बदलले की ती हमखास विसरली जाते.

साठा: सरकारी मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ए, बी, ओ पॉझिटिव्ह प्रत्येकी ५, एबी पॉझिटिव्ह २, आणि ए, बी, ओ निगेटिव्ह प्रत्येकी १, म्हणजे एकूण २० पिशव्या. सुरुवात याच आकड्याने करा, पण तो कायमचा धरू नका. तीन महिने गटवार नोंद ठेवा: किती मागितल्या, किती क्रॉसमॅच केल्या, किती प्रत्यक्ष चढवल्या. क्रॉसमॅच केलेल्यांची चढवलेल्यांशी तुलना करा. एक पिशवी चढवायला दोनाहून जास्त क्रॉसमॅच होत असतील तर प्रसूतिकक्षाकडून 'असू दे म्हणून' मागण्या येतायत. प्रत्येक राखून ठेवलेली पिशवी दोन-तीन दिवस अडकते, आणि असं चार वेळा झालं की ती कालबाह्य होण्याच्या जवळ पोचते.

खरा तोटा मुदत संपण्यात आहे. सीपीडीए-१ या रक्त टिकवणाऱ्या द्रावणातल्या रक्ताची मुदत ३५ दिवस, सॅगएम द्रावणातल्या लाल पेशींची ४२ दिवस. तुमच्याकडे वापर कमी, म्हणून रक्तपेढीशी लेखी ठरवून घ्या: येणाऱ्या पिशवीची किमान तीन आठवडे मुदत शिल्लक हवी, आणि १० ते १४ दिवस उरले की ती परत जिल्ह्याला जाईल. तिथे ती दोन दिवसांत वापरली जाते. या परतीच्या बोलीशिवाय केंद्र सुरू करू नका. एबी आणि निगेटिव्ह पिशव्या वाया जायला लागल्या की वरिष्ठ 'गरज नाही' असा शेरा मारतात आणि केंद्र बंद पडतं.

आणखी एक. परत पाठवायच्या पिशवीचा शीतसाखळीचा पुरावा, म्हणजे तापमानाचा आलेख, सोबत नसेल तर रक्तपेढी ती नाकारेल. त्यात तिची चूक नाही.

क्रॉसमॅच:
वरचं सगळं पटलं. पण या प्रश्नातलं मला सगळ्यात काळजीचं वाटलेलं वाक्य 'रक्तगट काचपट्टीवर बघतात' हे आहे. फ्रीज जोडण्याआधी ते बंद करा. काचपट्टीवर थेंब सुकतो, सुकलेली कडा गुठळीसारखी दिसते, क्षीण प्रतिक्रिया सुटते, आणि मुख्य म्हणजे उलट तपासणी होतच नाही.

टेस्ट ट्यूबमध्ये दोन्ही बाजूंनी गट करा. पुढची तपासणी (फॉरवर्ड ग्रुपिंग): रुग्णाच्या पेशी आणि अँटी-ए, अँटी-बी, अँटी-डी ही तयार द्रावणं. उलट तपासणी (रिव्हर्स ग्रुपिंग): रुग्णाचं सीरम आणि ए, बी, ओ गटाच्या माहीत असलेल्या पेशी. ओ पेशींची ट्यूब बरेच जण 'कशाला उगाच' म्हणून गाळतात. महाराष्ट्रात तरी ती गाळू नये. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत जो 'बॉम्बे' रक्तगट नोंदवला, तो फॉरवर्ड तपासणीत हुबेहूब ओ दिसतो. त्या व्यक्तीच्या सीरममध्ये जोरदार अँटी-एच (ओ पेशींवरही हल्ला करणारी अँटिबॉडी) असतं, त्यामुळे ओ पेशींच्या ट्यूबमध्येसुद्धा गुठळी होते. तिला ओ रक्त दिलं तर पेशी रक्तवाहिन्यांतच फुटतात. ओ पेशींच्या ट्यूबमध्ये गुठळी दिसली की थांबायचं आणि नमुना जिल्ह्याला पाठवायचा. बॉम्बे गटाच्या माणसाला बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.

आता क्रॉसमॅच. पिशवीच्या नळीचा एक तुकडा कापून त्यातल्या पेशी सलाइनने तीनदा धुवा. ०.१ मिली दाबून बसलेल्या पेशी आणि १.९ मिली सलाइन, म्हणजे ५ टक्के मिश्रण. याच पेशींवरून पिशवीचा गटही पुन्हा तपासून घ्या. लेबलवर विसंबू नका. ट्यूबमध्ये रुग्णाच्या सीरमचे २ थेंब आणि या मिश्रणाचा १ थेंब घालून १००० फेऱ्यांवर एक मिनिट फिरवा आणि बघा. इथे गुठळी नसली तर एबीओ जुळतंय एवढंच कळलं. काम इथे संपत नाही. तीच ट्यूब ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये ४५ ते ६० मिनिटं ठेवा, मग भरपूर सलाइनने तीन-चारदा धुवा. शेवटच्या धुण्यानंतर ट्यूब उलटी करून कडेचा थेंब टिपकागदाला लावा. लगेच कूम्ब्स सीरमचे (पेशींना चिकटलेली अँटिबॉडी गुठळीच्या रूपात दाखवणाऱ्या द्रावणाचे) २ थेंब घालून फिरवा आणि वाचा.

इथली नेहमीची चूक म्हणजे धुणं अर्धवट राहणं. रुग्णाच्या सीरमचा अंश उरला की तो कूम्ब्स सीरमला निकामी करतो आणि ट्यूब खोटी 'निगेटिव्ह' दिसते. म्हणून प्रत्येक निगेटिव्ह ट्यूबमध्ये शेवटी कंट्रोल पेशींचा, म्हणजे अँटी-डी चढवलेल्या ओ पॉझिटिव्ह पेशींचा, एक थेंब घालायचा. आता गुठळी व्हायलाच हवी. नाही झाली तर अख्खी तपासणी रद्द, पहिल्यापासून करा. या पेशी ताज्या मिळवायची व्यवस्था रक्तपेढीशी ठरवा.

एकटा टेक्निशियन, रात्रीची वेळ, हात थकलेले. अशा ठिकाणी माझं मत जेल कार्डाच्या, म्हणजे जेल भरलेल्या बारीक नळ्यांच्या तयार कार्डाच्या, बाजूने आहे. १५ मिनिटं ३७ अंशांना, १० मिनिटं फिरवणं, धुणं नाही, कंट्रोल पेशी नाहीत, आणि कार्डाचा फोटो काढून रक्तसंक्रमण अधिकाऱ्यांना दाखवता येतो. महाग पडतं, त्याचा वेगळा सेंट्रिफ्यूज लागतो, आणि पुरवठा तुटला तर काम अडतं. म्हणून ट्यूबची पद्धत हातात बसलेली असावीच. कार्डं खोक्यावर दिलेल्या तापमानालाच, उभी ठेवा. जेल सुकलेलं किंवा बुडबुडे दिसलेलं कार्ड फेकून द्या.

नमुन्याबद्दल: गेल्या तीन महिन्यांत रक्त घेतलेल्या किंवा गरोदर असलेल्या रुग्णाचा नमुना तीन दिवसांपेक्षा जुना चालत नाही, कारण त्या काळात नवी अँटिबॉडी तयार होऊ शकते. म्हणजे नवव्या महिन्यात काढलेल्या नमुन्यावर प्रसूतीच्या दिवशी क्रॉसमॅच करता येणार नाही. पण नोंदणीच्या वेळचा गट वेगळ्या कारणाने उपयोगी आहे: आजच्या नमुन्याचा गट त्याच्याशी जुळला नाही, तर दोहोंपैकी एक ट्यूब दुसऱ्याच बाईची आहे. चुकीचं रक्त चढण्याचं सगळ्यात मोठं कारण अँटिबॉडी नसून लेबल हेच आहे. ट्यूबवर नाव खाटेपाशीच, रक्त काढल्या काढल्या, रुग्णाला स्वतःचं नाव सांगायला लावून लिहायचं. आधीच लेबल लावलेल्या रिकाम्या ट्यूबा ट्रेमध्ये घेऊन फिरणं आजच बंद करा.

दात्याचा आणि रुग्णाचा नमुना रक्त दिल्यानंतर सात दिवस जपून ठेवायचा असतो, त्यासाठी फ्रीजमध्ये वेगळा कप्पा करा.

शीतसाखळी:
वीज आणि वाहतुकीबद्दल लिहितो.

फ्रीज जोडल्यावर पहिला आठवडा त्यात रक्त ठेवू नका. जुन्या पिशव्यांत किंवा बाटल्यांत १० टक्के ग्लिसरीनचं पाणी भरून फ्रीज जितका भरणार तितका भरा. तापमान २ ते ६ अंशांत स्थिर झालं की भर दुपारी, खोली तापलेली असताना, वीज बंद करा. दार न उघडता ६ अंश ओलांडायला किती मिनिटं लागतात ते मोजा. कंपनीच्या पत्रकातला आकडा काहीही असो, तुमच्या खोलीतला आकडा हाच. तो दीड तास निघाला आणि वीज चार तास जात असेल, तर प्रयोगशाळेचा तो एक सॉकेट थिएटरच्या जनरेटरवर घेणं भाग आहे. घरगुती इन्व्हर्टरवर भरवसा ठेवू नका. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो आणि इन्व्हर्टर ट्रिप होतो, तेही पहाटे तीनला. व्होल्टेज स्टॅबिलायझर मात्र लागतोच.

तापमान मोजणारा प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नका. तो द्रवाच्या बाटलीत हवा, नाहीतर दार उघडलं की आलेख उड्या मारतो आणि लोक अलार्म बंद करून टाकतात. अलार्म दर महिन्याला तपासा: प्रोब बर्फाच्या पाण्यात, मग कोमट पाण्यात, आणि २ व ६ अंशांना तो वाजतो का ते बघा. अलार्म रात्री जिथे माणूस जागा असतो तिथे, म्हणजे प्रसूतिकक्षात, ऐकू गेला पाहिजे. सतत नोंदणारा आलेख नसेल तर दर चार तासांनी हाताने नोंद. आणि त्या फ्रीजमध्ये लस, इन्सुलिन, कुणाचा डबा काहीही नाही.

वाहतुकीत लाल पेशी २ ते १० अंशांत राहिल्या पाहिजेत. इथे उष्णतेइतकाच धोका गारठण्याचा आहे. डीप फ्रीझरमधून काढलेला आइसपॅक थेट पिशवीला टेकला की त्या जागी पेशी गोठून फुटतात. आइसपॅक बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळलं की मगच पेटीत घाला. खाली पिशव्या उभ्या, वर जाड पुठ्ठा, त्यावर आइसपॅक, कारण गार हवा खाली उतरते. पेटीत मोकळी जागा राहिली तर कागदाने भरा, पिशव्या घाटात हेलकावे खायला नकोत. पेटी पोचली की आधी थर्मामीटर बघा, मग वेळ लिहा, मग प्रत्येक पिशवी उजेडात धरा. पेशी खाली बसलेल्या असताना वरचा द्रव गुलाबी-लाल दिसला, पिशवी जांभळट-काळी झाली, गुठळ्या दिसल्या किंवा नळी गळत असली, तर ती वेगळी काढा आणि रक्तपेढीला फोन करा.

डोंगरपायथा:
खूप आभार. ग्लिसरीनच्या पिशव्यांचा प्रयोग याच आठवड्यात लावतो. एक अडचण उरते. प्रसूतीनंतर अचानक रक्तस्राव झाला तर स्त्रीरोगतज्ज्ञ तासभर थांबू शकत नाहीत. अशा वेळी काय द्यायचं? आणि वॉर्डात रक्त गरम करून चढवतात, ते चालतं का?

क्रॉसमॅच:
तासभर थांबायचं नाहीच. ताजा नमुना घ्या, ट्यूबमध्ये गट करा, त्याच गटाच्या पिशवीशी पहिलं फिरवणं करा. दहा-पंधरा मिनिटांत पिशवी वॉर्डात जाऊ शकते. डॉक्टरांची लेखी, सही केलेली मागणी घ्या, पिशवीवर 'क्रॉसमॅच अपूर्ण' लिहा, नळीचा तुकडा स्वतःकडे ठेवा आणि कूम्ब्सपर्यंतची तपासणी मागे चालूच ठेवा. विसंगती दिसली की फोन करून पिशवी थांबवायची. गट करण्याइतकाही वेळ नसेल तर ओ निगेटिव्ह लाल पेशी, पण तरीही पहिली पिशवी लागायच्या आत नमुना काढून घ्या. तुमच्याकडे ओ निगेटिव्ह एकच पिशवी असणार. ती वापरली की त्याच क्षणी जिल्ह्याला दुसरी मागा.

उणे ३० अंशांचा फ्रीझर नसेल तर प्लाझ्मा ठेवायचा विचार करू नका. रक्त गोठणंच थांबलेली बाई लाल पेशी चालू ठेवून वेळेत पुढे पाठवणं, एवढं तुमच्या केंद्राने साधलं तरी पुष्कळ.

पिशवी३५०:
वॉर्डाबद्दल. नळाच्या गरम पाण्यात किंवा बादलीत पिशवी बुडवायची नाही. किती तापली ते कळत नाही आणि पेशी फुटतात. नेहमीच्या वेगाने द्यायचं असेल तर गरम करायची गरजच नसते. पिशवी फ्रीजबाहेर काढून ३० मिनिटांत सुरू झाली नाही तर ती साठ्यात परत घेऊ नका. वॉर्डच्या औषधांच्या फ्रीजमध्ये 'थोडा वेळ' ठेवलेली पिशवीही बाद. म्हणून एका वेळी एकच पिशवी द्या. सुरू केल्यापासून चार तासांत संपवायची.

फिल्टरचा बीटी सेटच (रक्त चढवायची नळी) वापरा. त्याच नळीतून रिंगर लॅक्टेट नको, त्यातल्या कॅल्शियममुळे गुठळ्या होतात. डेक्स्ट्रोज नको, पेशी फुगून फुटतात. फक्त साधं सलाइन. पहिली १५ मिनिटं हळू आणि परिचारिका खाटेपाशीच, कारण गट चुकला असेल तर बहुधा याच वेळात कळतं: थंडी, कंबरदुखी, छातीत दडपण, लाल लघवी. असं काही दिसलं की रक्त बंद करा, नवी नळी लावून सलाइन चालू करा, पिशवीवरचा आणि रुग्णाचा क्रमांक ताडून बघा. नंतर पिशवी सेटसकट, रक्ताचा नवा नमुना आणि पहिली लघवी प्रयोगशाळेत. टेक्निशियनने सर्वात आधी नवा नमुना फिरवून सीरम लालसर आहे का ते जुन्या नमुन्याशेजारी धरून बघायचं. याला पाच मिनिटं लागतात आणि पुढचे उपचार त्यावरच ठरतात.

हिमोग्लोबिन:
एक भर घालते. मागणी कमी करणं हाही साठाच आहे. तुमच्याकडे अजून साहलीच्या नळीवर हिमोग्लोबिन बघत असतील तर ते सोडा. रंग डोळ्यांनी जुळवायचा असल्याने दोन माणसांचे आकडे जुळत नाहीत, आणि दहा मिनिटं न थांबता वाचलं तर आकडा कमीच येतो. सेल काउंटर वापरत असाल तर रोज सकाळी पहिल्या रुग्णाच्या आधी कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेला नमुना) लावा आणि आकडा आलेखावर मांडा. सरासरीपासून ३ एसडीच्या (प्रमाणित विचलनाच्या) बाहेर गेला, किंवा सलग दोन दिवस एकाच बाजूला २ एसडीच्या पलीकडे राहिला, तर त्या दिवशीचे रिपोर्ट द्यायचे नाहीत. ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) ट्यूब खुणेपर्यंत भरा आणि आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटी-सुलटी करा. बारीक गुठळी राहिली की प्लेटलेट खोट्या कमी दिसतात आणि मशीनची नळीही तुंबते.

सातव्या महिन्यात ७ च्या आसपास हिमोग्लोबिन खात्रीने कळलं तर शिरेतून लोह द्यायला वेळ असतो. तेच नवव्या महिन्याच्या शेवटी कळलं तर मग पिशवीच लागते. प्रसूतिपूर्व तपासणीच्या दिवशी काउंटर बंद राहणार नाही, एवढी सोय अधीक्षकांकडून करून घ्या. रिएजंट संपायच्या एक महिना आधी मागणी गेली पाहिजे.

डोंगरपायथा:
साहलीच आहे अजून, बदलतो. जनरेटरच्या सॉकेटचं पत्र आज दिलं. जिल्ह्याच्या रक्तपेढीकडून संमतीपत्र आणि परतीची बोली एकाच कागदावर मागतोय. टेक्निशियनला ट्यूबच्या पद्धतीवर हात बसायला तिथे किती दिवस पाठवावं?

क्रॉसमॅच:
दिवस मोजू नका, ट्यूबा मोजा. तिथल्या टेक्निशियनने केलेले किमान ५० क्रॉसमॅच याने स्वतंत्रपणे, निकाल न बघता करावेत आणि सगळे जुळावेत. त्यात क्षीण पॉझिटिव्ह नमुने मुद्दाम मिसळायला सांगा. आणि तो तिकडे असताना तुमच्याकडे बदली माणूस कोण, तेही आताच ठरवा. दुसरा माणूस शिकलेला नसेल तर पहिल्याच्या रजेच्या दिवशी केंद्राला कुलूप लागतं.