उत्तर: खर्च वाढला हे खरं, पण मालकीचं काय?

खर्च वाढला म्हणून व्हिडिओ गेमच्या किमती वाढतात, यात गेम काढणाऱ्या प्रकाशक कंपन्यांना दोष देता येत नाही, असं म्हटलं जातं. खर्चाचं पटतं. पण पैसे घेऊन वस्तू परत हिरावणं त्या हिशोबात कुठे बसतं?

आमच्या बेळगावच्या शहापूर-वडगावात पोरं वर्गणी काढून गेमची एक डिस्क घेतात. ती चार घरं फिरते, कव्हर फाटलं की चिकटपट्टी लावतात, शेवटी खडेबाजारच्या बाजूला कुणाला तरी निम्म्या किमतीत देतात. मालकी म्हणजे हेच ना?

आता 'द क्रू' बघा. २०१४ चा गाड्यांच्या शर्यतींचा गेम. तो काढणाऱ्या उबिसॉफ्ट कंपनीने ३१ मार्च २०२४ ला त्याचे सर्व्हर बंद केले आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा गेला, कारण तोही सर्व्हरशिवाय चालत नव्हता. डिस्क हातात असून उपयोग शून्य. ओरड झाल्यावर पुढच्या भागांना ऑफलाइन मोड (सर्व्हरशिवाय खेळायची सोय) देऊ असं त्याच कंपनीने जाहीर केलं. म्हणजे जमत होतं! कॅलिफोर्नियात तर २०२५ पासून 'तुम्ही फक्त परवाना घेताय' हे डिजिटल गेम विकतानाच स्पष्ट सांगावं लागतं. आपल्याकडेही तसा नियम हवा.

कामगारांचंही तेच. मायक्रोसॉफ्टने सुमारे ६९ अब्ज डॉलरला अ‍ॅक्टिव्हिजन ब्लिझर्ड ही गेम कंपनी घेतली आणि तीन-चार महिन्यांतच, जानेवारी २०२४ मध्ये, गेमिंग विभागातल्या १९०० जणांना घरी बसवलं. मे महिन्यात 'हाय-फाय रश' हा गेम बनवणारा आपलाच टँगो स्टुडिओ बंद करायचं ठरवलं, तेही गेमचं इतकं कौतुक झालेलं असताना. पुढे क्राफ्टन या कोरियन गेम कंपनीने तो घेतला म्हणून वाचला. बेळगावातून अ‍ॅनिमेशन शिकून पुण्या-बंगळूरला जाणाऱ्या पोरांना मी हे आवर्जून सांगतो.