डोकं शिणलेलं असताना स्क्वॉटचे रेप्स का गळतात?

बाणेर_बारबेल
शनिवारी सकाळी १०० किलोचे ५ बाय ५ स्क्वॉट (खांद्यावर बार घेऊन ५ सेट, प्रत्येकात ५ रेप्स म्हणजे उठबशा) सुरळीत निघतात. बुधवारी हिंजवडीत दिवसभर मीटिंगा, मग वाकडची वाहनांची रांग, आणि रात्री आठला तेच १०० किलो तिसऱ्या सेटच्या तिसऱ्या रेपवर अडतात. दिवस सगळा खुर्चीत गेलेला, पाय तर ताजे. मग दमतं काय? वजन उतरवायचं, सेट कमी करायचे, की कॉफी मारून रेटायचं? शरीराचं वजन ७०. ‘ताण घेऊ नका’ हा सल्ला मिळून झालाय.

सदाशिव_स्क्वॉट
स्नायू दमत नाहीत, तेवढंच वजन जास्त कष्टाचं वाटू लागतं. मार्कोरा आणि सहकाऱ्यांचा २००९चा सायकलवरचा प्रयोग बघा. ९० मिनिटं संगणकावर डोकं खाणारं काम, मग ठरावीक जोरावर दम संपेपर्यंत पेडल. माहितीपट पाहून आलेली माणसं सरासरी ७५४ सेकंद टिकली. तीच माणसं डोकं शिणवून आली तेव्हा ६४०. हृदय, श्वास, लॅक्टेट (जोराच्या व्यायामात रक्तात वाढणारा पदार्थ) यांत या घटीचं कारण सापडलं नाही. कष्ट मात्र सुरुवातीपासूनच जास्त वाटत होते. मांडीच्या स्नायूंचा एकदाच लावलेला कमाल जोर २०१३ मध्ये मोजला, तो शिणल्यावरही घटला नव्हता.

म्हणजे तुमचा एक जड रेप शाबूत आहे, जातो तो पाचवा. म्हणून वजन उतरवणं हा उलटा उपाय. १०० तसेच ठेवा आणि ५ चे ५ सेट मोडून ३ चे ८ करा. २५ ऐवजी २४ रेप्स, काम जवळपास तेवढंच, पण जिथे डोकं ‘पुरे’ म्हणतं तो चौथा-पाचवा रेप येतच नाही.

आरपीई (किती कष्ट वाटतात याचा आपणच दिलेला आकडा) बघून वजन ठरवत असाल तर बुधवारी ते बंद. अशा दिवशी ‘दोनच रेप उरलेत’ असं वाटतं तेव्हा बहुधा तीन-चार उरलेले असतात. आकडे घरूनच वहीत लिहून न्या. रॅकपाशी उभं राहून ठरवायचं काहीच ठेवू नका.

लोखंडी_पेठ
वरचं सगळं मान्य, पण आधी हा थकवा डोक्याचाच आहे हे तरी ठरवा. दुपारी एकला डबा आणि रात्री आठला स्क्वॉट म्हणजे सात तासांचा उपास झाला! त्याला मानसिक थकवा कशाला म्हणायचं? सहाच्या सुमारास दोन केळी किंवा प्लेटभर पोहे, आणि पाणी. दोन आठवडे एवढंच बदलून बघा.

पारख वॉर्म-अपमध्येच होते. रिकामा बार १०, ६० चे ५, ८० चे ३, मग ९५ चा एकच. हा ९५ चा रेप फोन बाजूला टेकवून शूट करा आणि शनिवारच्या व्हिडिओशेजारी लावा. बार त्याच वेगाने वर येत असेल तर पाय ठीक आहेत, ३ चे ८ सेट करा. खालून उठताना मध्येच रेंगाळत असेल तर झोप, पोट किंवा मागच्या वर्कआउटचा खरा थकवा. तिथे ५ ते १० टक्के उतरवा, हट्ट नको.

शिणलेल्या डोक्याची दुसरी चूक प्लेटची. १५ ची आणि २० ची बम्पर (रबरी) प्लेट व्यासाने सारखीच असते, फरक जाडीत. एका बाजूला २०-२० आणि दुसरीकडे २०-१५ लावून बार उचलला की पहिल्याच पावलाला कंबर वळते. दोन्ही टोकं मोठ्याने वाचा, हसू देत लोकांना. सेफ्टी पिन (बार सुटला तर झेलणारे रॅकचे दांडे) स्क्वॉटमध्ये बार सगळ्यात खाली येतो त्यापेक्षा दोन बोटं खाली. प्लेट सरकू न देणारी क्लिप आठवणीने.

कॉफीचं गणित: उपयोगी मात्रा किलोमागे ३ ते ६ मिलिग्रॅम, म्हणजे तुम्हाला किमान २१०. साडेसातला घेतली तर साडेबाराला साधारण निम्मी अंगातच. गुरुवारचं डोकं बुधवारी रात्रीच शिणवून ठेवायचं असेल तर घ्या.

पाताळेश्वर_पुलअप
सरळ सकाळी सहाला जा ना! मीटिंगांच्या आधी डोकं कोरं असतं.

सदाशिव_स्क्वॉट
जाता येईल, पण फुकट नाही. सकाळी अंगाचं तापमान कमी, त्यामुळे जोरही संध्याकाळपेक्षा थोडा कमीच भरतो. शिवाय रात्रभर आडवं राहिल्याने मणक्याच्या चकत्या पाणी धरून फुगलेल्या असतात. उठल्यावर तासभर तरी वाकून डेडलिफ्ट (जमिनीवरून बार उचलणं) नको. वॉर्म-अपला दहा मिनिटं जादा धरा.

बाणेर_बारबेल
३ च्या ८ सेटमध्ये विश्रांती किती? जिम साडेनऊला बंद होतं.

लोखंडी_पेठ
९० सेकंद. सगळे आठ सेट बारा-तेरा मिनिटांत आटपतात, ५ बाय ५ ला तीन मिनिटं विश्रांती धरली तर त्याहून जास्तच लागतात. वेळ भिंतीवरच्या घड्याळात बघा, फोनमध्ये नको; तिथे ऑफिसचा ग्रुप उघडाच असतो.