मदत हवी: रेमिशन म्हणतात, मग म्युटेशन २८ टक्के कसं?

घाईतली_मुक्ता
बाबांचा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले रेमिशन आहे, म्हणजे आजार आटोक्यात आलाय, अभिनंदन. घरी येऊन पीडीएफ उघडली तर डीएनएमटी३ए या जनुकातलं म्युटेशन (बिघाड) २८ टक्के! आधी ४४ होतं. म्हणजे २८ टक्के कॅन्सर अजून आहे ना? मग अभिनंदन कसलं? पुढची भेट सोमवारी, तोवर डोकं फुटेल. खाली 'एपिजेनेटिक जीन' असं लिहिलंय. ते काय असतं? साध्या मराठीत सांगा, गूगल करून आणखी घाबरलेय.

रानवारा
कुठला ल्युकेमिया? वय? केमोच्या किती फेऱ्या झाल्या? नमुना रक्ताचा की बोन मॅरोचा? ब्लास्ट, म्हणजे कच्च्या राहिलेल्या पेशी, किती?

घाईतली_मुक्ता
एएमएल हो, झपाट्याने वाढणारा ल्युकेमिया! वय ६१, इंडक्शन म्हणजे पहिली केमो झाली, नमुना बोन मॅरोचा. ब्लास्ट २ टक्के.

स्पष्टवक्ता
एपिजेनेटिक म्हणजे जीवनशैलीचा जनुकांवर होणारा परिणाम. यावर भरपूर वाचलंय. साखर पूर्ण बंद करा, झोप वाढवा, जनुकं आपोआप ताळ्यावर येतात.

जुनी_लॅबवाली
स्पष्टवक्ता, गल्लत होतेय. वहीचं एखादं पान वाचायचं नसेल तर आपण ते फाडत नाही, टाचणी लावून मिटून ठेवतो. डीएनएवर मिथाइलच्या अशा टाचण्या असतात. डीएनएमटी३ए टाचणी लावतं, टेट२ हे दुसरं जनुक ती काढायला घेतं. इथे टाचणी लावणाऱ्याच्याच जनुकात बिघाड आहे, म्हणजे चक्क अक्षर बदललंय. साखर सोडून ते अक्षर पूर्वीसारखं होत नाही.

हिशेबी
मुक्ता, रिपोर्टमधला आकडा पेशींचा नाही, जनुकाच्या प्रतींचा असतो. प्रत्येक पेशीत दोन प्रती, त्यातली सहसा एकच बिघडते. म्हणून २८ टक्के म्हणजे साधारण ५६ टक्के पेशींत म्युटेशन. तुम्ही धरलंय त्याच्या दुप्पट.

घाईतली_मुक्ता
५६??? हे मला कोणीच सांगितलं नाही.

जुनी_लॅबवाली
हिशेबी, गणित बरोबर, पण अर्धंच सांगून पळालात. मुक्ता, आता तोच हिशेब पुढे न्या. म्युटेशन ५६ टक्के पेशींत आणि ब्लास्ट फक्त २ टक्के. मग उरलेल्या कोण? बहुतेक सगळ्या नीट वाढून कामाला लागलेल्या पेशी.
डीएनएमटी३ए बहुधा फार आधी, रक्ताच्या मूळपेशीत बिघडतं. ती पेशी आपलं कुटुंब वाढवत राहते, तरी रक्त ठीकच बनतं. सत्तरीपुढच्या १० टक्क्यांहून जास्त धडधाकट माणसांत असा एखादा गट सापडतो. पुढे त्यातल्याच एखाद्या पेशीत एनपीएम१ किंवा एफएलटी३ हे जनुक बिघडलं की ल्युकेमिया उभा राहतो. केमो या नंतरच्यांना झोडपते, जुनं कुटुंब तग धरतं. म्हणूनच डीएनएमटी३ए, टेट२ आणि एएसएक्सएल१ या जनुकांवरून 'आजार उरलाय का' हे ठरवत नाहीत.
निदानाच्या वेळी एनपीएम१चं म्युटेशन होतं का? खरा प्रश्न तो आहे.

शोधयात्री
आयडीएच२ हे जनुक बघा आधी! ते बिघडलं की २-हायड्रॉक्सीग्लुटारेट नावाचं रसायन बनतं आणि ते टेट२ला जाम करतं. त्यावरचं औषध एनासिडेनिब २०१७ पासून आहे, आयडीएच१साठी आयव्होसिडेनिब २०१८ पासून. डॉक्टरांकडे आग्रह धरा.

रानवारा
त्यांच्या रिपोर्टमध्ये आयडीएच आहे असं कुठे म्हटलंय त्यांनी? नसलेल्या म्युटेशनवर औषध कशाला?

शोधयात्री
माहिती असलेली बरी. आमच्याकडे उशिरा कळलं होतं.

सुलेखा_क
माझ्या काकांना एएमएल होता. मीही चाचणी करून घेऊ का?

जुनी_लॅबवाली
ही म्युटेशन्स बहुतेक वेळा जन्मानंतर रक्तातच घडतात, पुढच्या पिढीत जात नाहीत. घरात बऱ्याच जणांना रक्ताचे आजार असतील तर मात्र डॉक्टरांशी बोला. मुक्ताताई, एनपीएम१?

भाषाप्रेमी
'म्युटेशन'ला 'उत्परिवर्तन' हा सुरेख शब्द असताना…

रानवारा
वेगळा धागा काढा.

घाईतली_मुक्ता
पान ३ वर आहे! 'एनपीएम१: निदानाच्या वेळी आढळले, सध्याच्या नमुन्यात आढळले नाही.' मी पान १ वरच थांबले होते. एफएलटी३ पहिल्यापासूनच नव्हतं. म्हणजे आता काळजी नाही ना?

जुनी_लॅबवाली
बातमी चांगली आहे, पण 'काळजी नाही' असं मी म्हणणार नाही. चाचणीच्या पद्धतीचं नाव काय लिहिलंय? साधं एनजीएस पॅनेल (अनेक जनुकं एकदम तपासणारी चाचणी) असेल तर ते फार थोड्या उरलेल्या पेशी पकडत नाही. एनपीएम१साठी त्याहून बारीक, पीसीआरची चाचणी असते. ती कधी करणार आणि नंतर किती दिवसांनी पुन्हा, हे सोमवारी विचारा. २८चं काय, हेही विचाराच. तुमच्या डॉक्टरांनी मॅरो स्वतः पाहिलाय, मी नाही.

घाईतली_मुक्ता
एनजीएसच लिहिलंय. पीसीआरचा प्रश्न कागदावर उतरवून घेतला. बाबा विचारतायत, मोबाईलवर एवढं काय चाललंय.

स्पष्टवक्ता
साखरेचं मात्र मनावर घ्या.