मदत हवी आहे: ऊसतोडीच्या हंगामात गोळ्यांचा खंड कसा टाळायचा?

दिवाळीच्या आसपास बीडमधली कुटुंबं तोडीला निघतात आणि किशोरवयीन मुलींची आठवड्याची निळी गोळी (60 मिलिग्रॅम लोह, 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड) तिथेच तुटते. सोबत 24 गोळ्या बांधून देणं सोपं आहे. पण पहाटे फडावर जाताना उपाशीपोटी गोळी, लगेच वर चहा! पोटात मळमळतं, चहामुळे लोहही नीट अंगी लागत नाही. शौचाला काळी होते म्हणून मुली घाबरतात आणि पुडी कोपीच्या (तळावरच्या झोपडीच्या) कुडात खोचलेली तशीच राहते. गोळी सोमवारी रात्री जेवणानंतर, चहा न घेता द्यायची, हे त्यांच्या आयांना पटवायचं कसं? कारखान्याच्या तळावर मुकादमाच्या बायकोकडे मुलींची यादी देऊन कुणाला उपयोग झालाय का?

दुसरा प्रश्न गावात मागे राहिलेल्या आजी-आजोबांचा. बरं वाटलं की बीपीची गोळी बंद करतात, आणि महिन्याची पुडी संपली तर आणून द्यायला घरात कुणी नसतं. मोजमापही चुकतं: चोळीची घट्ट बाही वर सरकवली की दंड आवळतो. पाच मिनिटं शांत बसवून, उघड्या दंडावर पट्टा बांधूनच मोजायला हवं. शेजारच्या शाळकरी मुलांना पुडीवर रोज खूण करायला लावण्याचा विचार आहे. कुणी केलंय? खुणांसाठी कार्ड केलं असेल तर ते कसं आखलं, तेही कृपया सांगा.